वार मागून घेणाऱ्या सोनाक्का

डॉक्टर सोनाबाई कांबळे पहिल्या भेटीत कुणालाच डॉक्टर वाटायच्या नाहीत, कारण त्यांची बोटं काळी असायची. बेळगावच्या ज्या वैद्यकीय महाविद्यालयात त्या शरीरक्रियाशास्त्र शिकवत, तिथे मी त्यांच्या हाताखाली डेमॉन्स्ट्रेटर होतो. सत्तरचं दशक संपत आलं होतं आणि आमच्या प्रयोगशाळेत अजून धुराचे ड्रम चालत होते. ड्रमला चकचकीत कागद गुंडाळायचा, रॉकेलच्या ज्योतीवर धरून तो काळाकुट्ट करायचा, मग ड्रम हळूहळू फिरू लागला की एक बारीक काडी त्या काजळीवर पांढरी रेघ ओढत जायची. धुरी देणं हे शिपायाचं काम. पण शिपाई कागद जाळतो म्हणून बाई ते स्वतः करायच्या, आणि मग त्याच हातांनी खडू धरून वर्गात जायच्या. फळ्यावर त्यांच्या बोटांचे ठसे उमटायचे. पोरं हसायची. बाईंना त्याचं काही नसायचं.

वर्गात त्यांचं इंग्रजी असं स्वच्छ की कॉन्व्हेंटमधून आलेली मुलंसुद्धा सावरून बसायची. रागावल्या की मात्र सरळ आपल्या गावच्या, निपाणीच्या बोलीत जायच्या. "डोस्कं घरी ठिवून आलाईस काय रं?" हे वाक्य आज मोठमोठे सर्जन झालेल्या निदान डझनभर लोकांनी ऐकलेलं आहे. दवाखान्यातल्या नर्सेस त्यांना सोनाक्का म्हणत. आम्ही आधी मॅडम म्हणायचो, मग पाठीमागे सोनाक्का, आणि एक दिवस माझ्या तोंडून ते समोरच निसटलं. त्यांनी मान वर केली, म्हणाल्या, "आता बरं वाटलं. मॅडम म्हटलं की मला कुणीतरी मागं उभं हाय असं वाटतंय."

बाईंचा जीव एकाच प्रश्नात अडकला होता. बाळंतकळा सुरू कशा होतात? नऊ महिने गर्भाशय गप्प पडून असतं, आत एवढं मूल वाढतं, लाथा मारतं, तरी ते हूं की चूं करत नाही. मग एके दिवशी असं काय होतं की ते उठून कामाला लागतं? गर्भाशयाचं आतलं अस्तर, बाळाभोवतीचे पातळ पडदे आणि वार यांच्यात प्रोस्टाग्लँडिन नावाचं एक द्रव्य तयार होतं, त्याने गर्भाशय आवळतं, हे तेव्हा जगाला कळलेलं होतं. पण नऊ महिने हे द्रव्य अडवून कोण धरतं, आधी ते कुठल्या पडद्यात सुटतं, यावर अजून वाद चालले होते. परदेशातली मासिकं आमच्याकडे जहाजाने यायची. ती हातात पडेपर्यंत त्यातला वाद मिटून नवा सुरू झालेला असायचा. बाई ती शिळी मासिकं ताज्या वर्तमानपत्रासारखी वाचायच्या.

हा प्रश्न त्यांना पुस्तकात सापडला नव्हता. त्यांच्या धाकट्या भावाची बायको, मालन, दोनदा सातव्या महिन्यात मोकळी झाली होती. दोन्ही बाळं जगली नाहीत. निपाणीत घरोघर याला कारणं तयार होती: कुणाची नजर, कुणाचा शाप, ग्रहणात भाजी चिरली. बाईंना एकच कारण हवं होतं, खरं. एकदा मला म्हणाल्या, "पाटील, माझी आई तंबाखूच्या वखारीत राबली, मला डॉक्टर केलं. आणि तिनं विचारलं की पोरगी वेळेआधी का बाळंत झाली, तर मला सांगता येईना. मग ही डिग्री काय लोणच्याला घालायची?" तेव्हापासून मी त्यांच्या त्या उंदरांकडे जरा आदराने पाहू लागलो.

उंदीर कशाला, ते सांगतो. उंदराच्या जठराची एक बारीक पट्टी कापून कोमट मिठाच्या पाण्यात टांगायची. बाळाभोवतीचा पडदा कुटून, गाळून, त्याचा अर्क त्या पाण्यात थेंबभर टाकायचा. त्यात ते द्रव्य असेल तर पट्टी आखडते, काडी उचलते आणि काजळीवर डोंगर उमटतो. नसेल तर रेघ सपाट. मी कंग्राळीच्या शेतकऱ्याचा मुलगा, म्हशीची जार पडताना शंभरदा पाहिलेला, पण उंदीर हातात घ्यायचं म्हटलं की मी दोन पावलं मागे सरायचो. बाई म्हणायच्या, "तुम्ही मिठाचं पाणी करा. स्वैपाक बायका करतात, भांडी तुम्ही घासा." आणि मी ती खरोखर घासायचो.

पण पडदे आणायचे कुठून, इथेच सगळी मेख होती. आमच्या भागात वार कुणी टाकून देत नाही. बाळंतपण झालं की घरचं कुणीतरी मडकं घेऊन दारात उभंच असतं. वार मडक्यात घालायची, हळद लावायची आणि घरामागे पुरायची, खोल, कुत्र्याला उकरता येणार नाही अशी. ती तुटली-फाटली तर बाळंतिणीचं दूध आटतं, मुलाला पोटदुखी लागते. हिंदू, मुसलमान, बौद्ध, लिंगायत, यात मतभेद नाही. आमचे विभागप्रमुख म्हणायचे, "आतल्या आत पडद्याचा तुकडा कापून घ्या, कुणाला कळणार आहे?" आणि खरंच, कुणालाच कळलं नसतं.

सोनाक्का मागून घ्यायच्या. दर वेळी. थर्मासमध्ये खडेबाजारातून आणलेला बर्फ भरून त्या बाळंतिणींच्या वॉर्डाबाहेर व्हरांड्यात जायच्या, मडकं घेऊन बसलेल्या म्हातारीच्या शेजारी फरशीवर मांडी घालून बसायच्या आणि कन्नडात किंवा मराठीत, जशी म्हातारी असेल तसं, सगळं समजावून सांगायच्या. वार तुमचीच, पुरायची तुम्हीच. मला फक्त कडेचा पातळ पडदा वीतभर द्या, त्यातून कळा कशा येतात ते बघायचंय. कुणी द्यायचं, बरेच जण नाही म्हणायचे. नाही म्हटलं की बाई "बरं आज्जी" म्हणून उठायच्या, आणि थर्मासातला बर्फ तसाच परत यायचा. दिलं तर पडदा काढून घेऊन उरलेली वार स्वतः धुवायच्या, तिला हळद-कुंकू लावायच्या आणि दोन्ही हातांनी मडक्यात ठेवायच्या. त्या हळदीची पुडी त्यांच्या पांढऱ्या कोटाच्या खिशात कायम असे. ज्यांच्या घराने बौद्ध होऊन देव सोडल्याला वीस-बावीस वर्षं झाली, त्यांनी वारेला हळद-कुंकू लावावं, यावर स्टाफरूममध्ये बरीच करमणूक चालायची. बाई म्हणाल्या, "हळद माझी न्हाय, त्यांची हाय. मी लावते कारण मी घेतलंय."

एकदा खानापूरकडची एक ठसठशीत आज्जी वार द्यायला तयार झाली आणि मग सहज विचारावं तसं तिने आडनाव विचारलं. बाईंनी सांगितलं. आज्जीने पदर सावरून घेतला. मग तिने मडकं हातात न देता फरशीवर ठेवलं आणि पायाने पुढे सरकवलं. माझं रक्त तापलं. बाईंनी मडकं उचललं, काम केलं, हळद लावली, परत आणून अगदी तसंच फरशीवर ठेवलं. प्रयोगशाळेत परतताना मी चिडून बोलत होतो. त्या थर्मास काखेत मारून पुढे चालल्या होत्या. मागे न बघता म्हणाल्या, "उंदराच्या पट्टीला आडनाव कळत न्हाय, पाटील. बर्फ वितळायच्या आत पोचू या." त्या दिवशी पट्टीने छान डोंगर काढला. पण बाई जेवल्या नाहीत, हेही मी पाहिलं.

मग आली ती सपाट रेघांची भानगड. बेळगावच्या आणि खेड्यापाड्यातल्या बायकांचे पडदे डोंगर काढत होते, चांगल्या नऊ महिने भरलेल्या, कळा येऊन बाळंत झालेल्या बायका. आणि मध्येच काही अर्क असे निघायचे की पट्टी ढिम्म हलायची नाही. आधी दोष उंदरावर आला. मग विजेवर. मग अर्थातच माझ्यावर. "मीठ घातलासा काय ओ, का साखर?" असं त्यांनी मला इतक्यांदा विचारलं की शेवटी मी त्यांच्यासमोर पाणी चाखून दाखवू लागलो. बऱ्याच दिवसांनी लक्षात आलं की सपाट रेघेवाल्या बहुतेक बायका निपाणीकडच्या होत्या. बाईंना हे फार लागलं. आपल्याच गावच्या बायकांनी असं करावं, असा काहीसा त्यांचा चेहरा झाला होता.

त्याच सुमारास एका रविवारी मी त्यांच्याबरोबर निपाणीला गेलो. माझ्या वडिलांना तिथल्या पानाशिवाय तंबाखू गोड लागत नसे, ते आणायचं निमित्त होतं. बाईंचं घर दोन खोल्यांचं, मागे न्हाणी आणि थोडी मोकळी जागा. तंबाखूचा हंगाम होता. बाईंची आई, आम्ही तिला आज्जीच म्हणायचो, वखारीतून अर्ध्या दिवसाने आली, तिच्या मागोमाग शेजारच्या दोघी-तिघी आल्या. त्यांच्या लुगड्यांना असा झणका होता की मला चार शिंका आल्या. मालन शिवणाच्या मशिनीवरून उठून चहाला लागली. चहा आला तशी आज्जीने कनवटीची पुडी सोडली, एक पांढरी गोळी तोंडात टाकली, शेजारणींना एकेक दिली आणि वर चहा प्याली. त्या शेजारणींतली एक पोटुशी होती, दिवस भरत आलेली.

बाईंनी बशी खाली ठेवली. "आई, हे काय?"

"डोस्क्याची गोळी. वखारीत डोस्कं भनभनतंय न्हवं. सगळ्याच खात्यात. तू शाळंत हुतीस तवापास्नं."

हंगामभर रोज, दिवसातून कितीदा तरी, चहाबरोबर. पोटुशीनेसुद्धा. आता गंमत अशी की डोकेदुखीची ही साधी गोळी प्रोस्टाग्लँडिन तयारच होऊ देत नाही, हे बाई दरवर्षी वर्गात शिकवत होत्या. सपाट रेघेत उंदराचा दोष नव्हता, विजेचा नव्हता, माझ्या मिठाचा तर नव्हताच. बाई आधी हसल्या, मग कपाळावर हात मारून घेतला. व्हरांड्यात बसून त्यांनी शेकडो बायकांना सगळं विचारलं होतं, कितवं बाळंतपण, कळा कधी आल्या, काय खाल्लं. गोळी खाल्ली का, हे विचारलं नव्हतं, कारण त्यांच्या घरात ती औषधात धरतच नसत. ती चहात धरत.

त्या संध्याकाळपासून बाई आळीतल्या पोटुश्या बायकांच्या मागे लागल्या. शेवटच्या महिन्यात ही गोळी नको, दिवस टळतात, रक्त जास्त जातं. विभागप्रमुखांना त्यांनी उत्साहाने सांगितलं तेव्हा ते म्हणाले की यात नवीन काय, हे तर छापून आलेलं आहे. बाई म्हणाल्या, "जगाला म्हाईत हाय सर. निपाणीला न्हवतं." आणि त्याआधी निपाणीहून बसमध्ये परतताना जे त्या माझ्याशी बोलल्या ते वेगळंच होतं. गोळीने कळा लांबतात, तर वेळेआधी सुटलेल्या कळा गोळीने थांबवता येतील की नाही? मालनला तेव्हा पुन्हा दिवस राहिले होते.

सातवा महिना लागला आणि जे व्हायचं भय होतं ते झालं. मालनला जीपमध्ये घालून बेळगावला आणली. बाई वर्ग अर्धा टाकून धावल्या, हातात खडू तसाच. प्रसूती विभागाच्या देसाईबाई अनुभवी, शांत बाई. सोनाक्कांनी त्यांना सांधेदुखीवरच्या एका औषधाबद्दल सांगितलं. डोकेदुखीच्या गोळीचंच भावंड, पण त्याहून जहाल. बाहेरच्या देशात काही ठिकाणी त्याने कळा थांबवल्याचं छापून आलं होतं. आणि त्यातला धोकाही त्यांनीच सांगितला, कुणी न विचारता. देसाईबाई म्हणाल्या, "तुमच्या घरची आहे. तुम्ही द्याल?" सोनाक्का म्हणाल्या, देईन, पण तिला विचारून.

मालन घामाने भिजलेली होती. बाई तिच्या उशाशी बसल्या आणि व्हरांड्यातल्या आज्ज्यांना सांगायच्या तशाच आवाजात तिला सांगू लागल्या. कळा थांबतील असं वाटतंय. पण बाळाच्या काळजाजवळ एक नळी असते, ती जन्मापर्यंत उघडी राहायला लागते, तिला हे औषध बाधू शकतं. म्हणून थोडेच दिवस द्यायचं, मग बंद.

मालनने विचारलं, "आक्का, तुमाला काय वाटतंय?"

"मला भ्या वाटतंय."

"मग द्या," मालन म्हणाली. "भ्या असलं म्हंजे हात नीट चालतोय. मशिनीवरबी तसंच असतंय."

कळा विरळ झाल्या, मग थांबल्या. औषध बंद केलं तरी परत आल्या नाहीत. मालन वॉर्डातच पडून राहिली, रोज सकाळी बाई येऊन बाळाचे ठोके ऐकायच्या आणि मगच धुराचा ड्रम हातात घ्यायच्या. पुढच्या महिन्याच्या अखेरीस एका सकाळी मालन मोकळी झाली. मुलगी. लहानखुरी, पण रडणं असं खणखणीत की व्हरांड्यातले लोक उठून उभे राहिले. बाईंनी तिला हातात घेतली आणि मोठ्याने रडल्या. इतकी वर्षं मी त्यांना तसं पाहिलं नव्हतं. माझेही डोळे भरले, ते मी उगाच लपवत नाही.

आणि आता वार. बाईंच्या प्रबंधाला जे हवं होतं ते सगळं त्या एका वारेत होतं. द्रव्य औषधाने अडवलं, मग सोडलं. ते परत आलं ते आधी कुठल्या पडद्यात? असा नमुना पुन्हा मिळणार नव्हता. मी सकाळीच पट्टी टांगून ठेवली होती, थर्मासमध्ये बर्फ तयार होता. बाई डोळे पुसून व्हरांड्यात गेल्या. तिथे त्यांची आई मडकं घेऊन बसली होती.

बाई तिच्या शेजारी फरशीवर मांडी घालून बसल्या. परक्या बाईला मागावं तसं मागितलं, सगळं सांगून.

आज्जी ऐकत होती. मग म्हणाली, "न्हाय, सोने."

आज्जीने मडकं जवळ ओढलं.

"देव सोडलं, समदं सोडलं. पर आदी दोन लेकरं पुरली न्हवं आपण. ह्या बारीला एवढंच पुरायचं हाय. ते तरी अख्खं पुरू दे मला."

"बरं आई," म्हणून बाई उठल्या.

विभागप्रमुख तोपर्यंत येऊन पोचले होते. तुमच्याच घरची वार, तुमचीच आई, विचारायचं काय त्यात, म्हणाले. मीही तेच म्हणालो. आत न्हाणीत वार धुवायला बाईच नेणार होत्या, वीतभर पडदा गेला असता तर म्हातारीला स्वप्नातही कळलं नसतं. बाईंनी वार धुतली, हळद लावली आणि होती तशी मडक्यात ठेवली. मग प्रयोगशाळेत येऊन पट्टी स्वतःच्या हाताने आकड्यावरून काढली आणि काचेचं भांडं धुऊन पालथं घातलं.

प्रबंध पुढे पूर्ण झाला. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नेमकं यावरच बोट ठेवलं, असं मला नंतर कुणीतरी सांगितलं. या एकाच रुग्णाचा नमुना का नाही? नातेवाइकांनी नकार दिला, बाई म्हणाल्या. तुम्ही त्यांना नीट समजावून सांगायला हवं होतं, परीक्षक म्हणाले. बाई म्हणाल्या, "सांगितलं सर. त्यांना सगळं समजलं. माझी आईच ती." पदवी मिळाली, पण ते द्रव्य आधी कुठल्या पडद्यात सुटतं, याचं उत्तर त्यांच्या प्रबंधात नाही. मी तोवर हुबळीला नोकरी धरली होती. पुढे त्यांची माझी गाठ पडली नाही, नुसत्या बातम्या कानावर येत राहिल्या. माझ्या डोळ्यांपुढे राहिल्या आहेत त्या मालन बाळंत झाली त्याच दिवशीच्या सोनाक्का.

भाऊ मालनपाशी थांबला, म्हणून आईला निपाणीला पोचवायला बाई निघाल्या. मी त्यांना बसमध्ये बसवून देतो म्हणून गेलो आणि निपाणीपर्यंत गेलो. उन्हाळा होता, बस खच्चून भरलेली. मडकं बाईंनी मांडीवर घेतलं, त्याच्या तोंडाला फडकं बांधलेलं. कंडक्टरने कन्नडात विचारलं, मडक्यात काय. बाईंनी कन्नडातच सांगितलं. त्याने तिकीट फाडायचं थांबवून पुढच्या बाकावरच्या दोघा बाप्यांना उठवलं आणि मायलेकींना तिथे बसवलं.

न्हाणीच्या मागे आज्जीने पदर कमरेला खोचून स्वतः खड्डा खणला. मी पुढे झालो तर मला हाताने मागे सारलं. खड्डा चांगला खोल झाला तशी ती मातीतच बसली, दम खात. बाई मडकं घेऊन समोर उभ्या होत्या, बसमध्ये धरलं होतं तसंच, दोन्ही हातांनी पोटाशी. आज्जीने मान वर करून लेकीकडे पाहिलं.

"सोने," ती म्हणाली, "तुला लागत हुतं न्हवं गं? घे तुला पायजे तेवढं. म्या तिकडं बघत न्हाय." आणि खरंच तिने तोंड भिंतीकडे फिरवलं.

पडदा बाळंतपणानंतर लगेच बर्फावर ठेवला तरच कामाचा. हा सकाळचा होता, आणि सगळ्या वाटेने ऊन खात आलेला. आता त्याच्या अर्काने कुठल्याही उंदराची पट्टी हलली असती-नसती, त्याला अर्थ नव्हता. मला हे ठाऊक होतं, बाईंना तर होतंच. आता उशीर झाला, एवढं त्यांनी आईला सांगितलं असतं तरी पुरलं असतं.

त्या खाली बसल्या, मडकं खड्ड्यात ठेवलं.

"न्हाय गं आई," त्या म्हणाल्या. "मला काय नको. अख्खीच जाऊ दे."

आज्जी वळली, लेकीच्या काळ्या बोटांवर तिने आपला हात ठेवला, आणि दोघी मिळून माती लोटू लागल्या.